गव्हाणीतलं गवत

१

गवत चांगलं होतं, हीच खरी पंचाईत होती.

ते बुरसलेलं असतं तर मी पाच मिनिटांत तसं सांगून, निष्काळजीपणाबद्दल चार शब्द सुनावून डोंगर उतरले असते. पण त्या मंगळवारी सकाळी मी गेरासिमच्या पागेत उभी होते, दोन्ही घोड्यांपुढच्या गव्हाणी काठोकाठ भरलेल्या होत्या आणि त्यातलं गवत फेब्रुवारीतही हिरवट दिसत होतं. जुलैतली पहिली कापणी, एकही सर न लागता वाळलेली. मुठीत चुरगाळलं की रानपुदिन्याचा वास येत होता. मी दोन काड्या तोंडात घालून चावल्या. गोडसर लागल्या. मंद्रा आणि रोइबा मात्र गव्हाणीकडे मान वळवून बघायलासुद्धा तयार नव्हत्या.

"पाच दिवस झाले," गेरासिम म्हणाला. "एक काडी नाही."

गेरासिम बहात्तर वर्षांचा. पन्नास वर्षं त्याने घोड्यांच्या जोडीने जंगलातले ओंडके ओढून आणले. आमच्या खोऱ्यात घोड्याबद्दल काही अडलं की लोक आधी त्याच्याकडे जातात आणि मग माझ्याकडे येतात. मी वार्वारा. एकोणतीस वर्षं गुरांची औषधं, इंजेक्शनं, बाळंतपणं करते आहे. खरा डॉक्टर खाली शहरात बसतो. जनावर वाचलं की लोक मला डॉक्टरीणबाई म्हणतात, मेलं की ‘ती कुठे डॉक्टर आहे’ म्हणतात. असो.

मी दोन्ही घोड्या तपासल्या. दात ठीक. घसा ठीक. ताप नाही, हिरड्या गुलाबी, पोटात गुडगुड व्यवस्थित. ओढ्यावर नेलं की पाणी पितात. सकाळ-संध्याकाळ लाकडी पळ्याने मापून ओट घातले की शेवटच्या दाण्यापर्यंत चाटून खातात. फक्त गवताला तोंड लावत नाहीत. आणि पोत्यात ओट जेमतेम दहा दिवसांचे उरले होते. खिंड बर्फाने बंद होती, त्यामुळे बाहेरून चारा येणार नव्हता, शहरातून डॉक्टर येणार नव्हता. मंद्रा गाभण होती, विण्याला सहा आठवडे उरलेले, आणि तिच्या फासळ्या मला मोजता येत होत्या.

गेरासिमने हातमोज्याच्या तळव्यावर साखरेचा खडा ठेवून तिच्यापुढे धरला. तिने मान लांबवली, नाकपुड्या फुगवून फुर्र केलं आणि तोंड फिरवलं.

"रुसलीय माझ्यावर," तो म्हणाला.

मी वहीत ‘भूक मंद’ असं लिहिलं. ते दोन शब्द आठवले की अजून मला स्वतःचा राग येतो.

आल्या आल्या त्याने हात मिळवण्याऐवजी मनगट पुढे केलं होतं. हात शेणाने बरबटलेले असले की आमच्याकडे तसंच करतात, म्हणून मी ते मनावर घेतलं नाही. नंतर त्याने मला स्वयंपाकघरात आलुबुखाराची दारू दिली आणि स्वतःचा पेला मोजे न काढताच दोन्ही तळव्यांत धरून प्याला. मला वाटलं, थंडी.

मग त्याने सांगितलं, हे तोआदेरचं काम आहे.

तोआदेर हा शेजारी. गेल्या उन्हाळ्यात वरच्या कुरणाच्या हद्दीवरून दोघांचं वाजलं होतं. तोआदेरचा विळा दोन पट्टे अलीकडे आला, असं गेरासिम म्हणाला. हद्दीचे दगड गेरासिमने हलवले, असं तोआदेर म्हणाला. शेवटी चर्चच्या दारात, सगळ्या गावादेखत, तोआदेर बोलून बसला होता की हे गवत तुझ्या घोड्यांच्या घशाखाली उतरणार नाही.

"आता उतरत नाहीये," गेरासिम म्हणाला. "त्याने काय टाकलं ते तू शोध, पोरी. मी चढावर राहतो, तो माझ्या खालीच उतारावर; लांब जावं लागणार नाही. मंद्राला काही झालं तर त्याच्या सगळ्या गंज्या पेटतील. गोठ्यासकट."

मी चोपन्न वर्षांची आहे, पण तो मला पोरीच म्हणतो. हे वाक्य त्याने आवाज न चढवता म्हटलं, आणि आयुष्यात त्याने दिलेला शब्द खाली पडलेला मी पाहिलेला नव्हता.

२

त्याच दिवशी मी गंजीवर चढून, आकडीने आतलं गवत उपसून एक पोतं भरलं आणि घरी नेलं. माझ्याकडे एक म्हातारा घोडा आहे, खाण्याच्या बाबतीत राजवाड्यातल्यासारखे नखरे करणारा. त्याने ते पोतं रिकामं केलं आणि पोत्याचा काठसुद्धा चघळला. मी रात्रभर त्याच्यावर लक्ष ठेवलं. त्याला काहीही झालं नाही.

म्हणजे विष नाही.

शहरातल्या डॉक्टरला फोन लावला. तो म्हणाला, बुरशी असेल. मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, मग गवत बदलून बघा. मी म्हटलं, खिंड बंद आहे, गवत आणू कुठून. तो म्हणाला, खिंड उघडली की बदलून बघा. मी फोन ठेवला आणि ज्या खुर्चीचा काही दोष नव्हता तिला लाथ मारली.

बुधवारी पुन्हा वर चढले. वाटेत बुटात बर्फ गेला, तो शेवटपर्यंत निघाला नाही. पोचल्यावर आधी गोठ्यात डोकावले. गाय तेच गवत मचमच खात होती.

"ही हेच खाते?" मी सावेताला विचारलं. सावेता गेरासिमची सून.

"हेच. दुसरं आहे कुठे आमच्याकडे?"

म्हणजे गाय खाते, माझा नखरेल घोडा खातो, फक्त ह्या दोघी खात नाहीत. मला तेव्हाच आणखी एक प्रश्न विचारायला हवा होता. तो सुचला नाही. मी उलट माणसांच्या मागे लागले.

गेरासिमचा मुलगा निकिफोर अंगणात लाकडं फोडत होता. त्याला घोड्या विकून ट्रॅक्टर घ्यायचा होता, हे खोऱ्यात सगळ्यांना ठाऊक होतं. ट्रॅक्टरचं रंगीत चित्र त्याने स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावलं होतं आणि बापाने ते उलटं करून पुन्हा लावलं होतं; त्यावरून घरात आठवडाभर कोणी कोणाशी बोललं नव्हतं. मी आडवळण न घेता त्याला विचारलं की, घोड्यांच्या चाऱ्यात तू काही घातलंस का.

तो चिडला नाही. कुऱ्हाड ओंडक्यात रुतवून त्याने कपाळ पुसलं आणि म्हणाला की विकायच्या आहेत म्हणूनच तर त्या धडधाकट हव्यात. हाडांचे सापळे कोण घेणार, आणि गाभण घोडी मेली तर ट्रॅक्टरचं चाकसुद्धा यायचं नाही. ह्यात तथ्य होतं. मग जरा थांबून तो म्हणाला, "बाबांना आता झेपत नाही, वार्वाराबाई. ते कबूल करत नाहीत. डिसेंबरपासून पागेत कोणाला पाऊल टाकू देत नाहीत. आतून दार लावून घेतात."

"कशाला?"

"विचारा त्यांनाच. मी विचारलं तर म्हणाले, तुझ्या ट्रॅक्टरला विचार."

सावेतालाही मी तेच विचारलं. ती पिठाने माखलेले हात पुसत राहिली, पुसून झाल्यावरही पुसत राहिली. म्हणाली, पूर्वी मीही घोड्यांचं करायचे, आता बाबा करू देत नाहीत. एवढं बोलून ती माझ्या डोळ्याला डोळा भिडवेना.

तिला काहीतरी माहीत होतं. आणि ती ते मला सांगणार नव्हती.

३

गुरुवारी मी तोआदेरकडे गेले.

तोआदेर साठीचा, आडवा, तोंडाने फटकळ. मी काही बोलायच्या आतच त्याला सगळं कळलेलं होतं. आमच्या खोऱ्यात शिंक आली तरी तीन घरांत तब्येत विचारली जाते. चर्चच्या दारात आपण बोललो ते बोललो, असं त्याने मान्य केलं. पण मुक्या जनावराच्या तोंडचा घास काढणाऱ्यातला आपण नाही, असं तो म्हणाला, आणि बोलता बोलता त्याची मान लाल झाली. मग त्याने असं काही केलं की मी बघतच राहिले. स्वतःच्या गंजीतलं, त्याच कुरणाच्या त्याच्या बाजूचं गवत घसरगाडीवर लादलं, वर दोर आवळला आणि म्हणाला, "चल. माझंच खाऊ दे त्यांना. मग बघू म्हातारा काय बोलतो."

गेरासिमने गाडी फाटकातच अडवली. दोघं समोरासमोर उभे राहिले आणि अर्धा तास कोणी हलेना. मी मध्ये उभी राहून दोघांवरही ओरडले. काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही, पण मंद्राच्या फासळ्यांचा उल्लेख त्यात होता. शेवटी गेरासिमने गाडीवरचं कवळभर गवत छातीशी धरून उचललं आणि तो पागेत गेला. मी मागोमाग गेले. तोआदेर उंबरठ्याबाहेर थांबला.

गेरासिमने ते मंद्राच्या गव्हाणीत टाकलं, हाताने नीट पसरलं.

मंद्राने नाक खाली नेलं आणि अर्ध्या वाटेतून परत वर घेतलं. रोइबाने तेवढंही केलं नाही.

"बघितलंस?" गेरासिम म्हणाला. "त्याच्या गवतातही तेच. सगळं कुरणच नासवलंय ह्याने."

बाहेर तोआदेरचा चेहरा पडला. गाडीची दोरी हातात घेऊन तो उताराला लागला, आणि त्याच्या पाठीकडे बघताना मला खात्री पटली की ह्या माणसाने काही केलेलं नाही. पण खात्रीने घोड्यांचं पोट भरत नाही. माझ्या हातात काहीच नव्हतं. तीन फेऱ्या, ओले बूट, आणि आता दोन वेगवेगळ्या गंज्यांचं गवत नाकारणाऱ्या दोन उपाशी घोड्या.

मी वैतागून फाटकाशी बसून होते, तेवढ्यात निकिफोर घोड्यांना ओढ्यावर घेऊन निघाला. वाटेत, जिथे घसरगाडी उभी होती तिथे, बर्फावर तोआदेरच्या गवताच्या चार-दोन जुड्या सांडल्या होत्या.

मंद्रा थांबली. मान खाली घातली. आणि ते गवत बर्फासकट ओरबाडून खाऊ लागली. रोइबाने तिला ढुशी देऊन उरलेलं ओढलं.

निकिफोर माझ्याकडे बघत राहिला, मी त्याच्याकडे. तेच गवत, तीच गाडी. मध्ये फक्त वीस पावलांचं अंतर. बाहेर खातात, आत खात नाहीत.

म्हणजे गवतात काहीच नव्हतं.

४

मी म्हटलं, गव्हाण. दुसरं काय असणार? लाकूड जुनं, त्यात काहीतरी मुरलं असेल. उंदीर मेला असेल, कोणी काही सांडलं असेल. माझ्या अंगात एकदम जोर आला. शुक्रवारी मी आणि सावेताने उकळतं पाणी आणि राख घेऊन दोन्ही गव्हाणी घासल्या, फटी सुरीने खरवडल्या. हात सोलवटले. गेरासिम दारात उभा राहून बघत होता. तो मदतीला आला नाही, ह्याचाही मला राग आला. बहात्तर वर्षांच्या माणसाचा राग यायला नको होता, पण आला.

गव्हाणी वाळल्यावर त्याने गंजीवरून ताजं गवत आणून घातलं.

मी स्वतः का घातलं नाही, असं आज कोणीही विचारेल. आमच्याकडे दुसऱ्याच्या पागेत जाऊन त्याच्या घोड्यांना त्याच्यादेखत चारा घालत नाहीत. दुसऱ्याच्या घरी जाऊन त्याच्या बायकोला ‘बस, मी वाढते’ म्हणण्यासारखं ते. माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

घोड्यांनी हुंगलं. नाही.

मी बादली भिंतीवर भिरकावली. गेरासिमने मंद्राच्या मानेवर हात ठेवला, तिने कान मागे पाडले, आणि त्याने हात काढून घेतला. मग तो तिच्याकडे न बघता म्हणाला की, पोरी, तू घरी जा, तुला जमणार नाही हे.

शनिवारी मी वर गेलेच नाही. मला जमणार नव्हतं. मी दिवसभर घरी बसून सगळं कागदावर मांडलं, फाडलं, पुन्हा मांडलं. ओट खातात. बर्फावरचं खातात. गाय खाते. माझा घोडा खातो. संध्याकाळी निकिफोरचा निरोप आला: मंद्रा खाली बसली होती आणि पहिल्या हाकेला उठली नव्हती.

आणि त्याच निरोपात शेवटी एक ओळ होती. बाबांनी गाडीघरातली रॉकेलची बरणी बाहेर काढून ठेवली आहे.

५

रविवारी सकाळी, प्रार्थनेची घंटा झाल्यावर, मी वर पोचले. मुद्दाम ती वेळ धरली होती. बाप आणि मुलगा दोघंही चर्चला गेलेले असणार आणि सावेता रांधायला घरी असणार.

ती मक्याचं पीठ ढवळत होती. मी तिला म्हटलं की आज तू मला सांगितलं नाहीस, तर उद्या ह्या डोंगराच्या खाली आग लागेल आणि तुझा सासरा तुरुंगात मरेल. एवढंच म्हटलं. तिने भांडं चुलीवरून खाली घेतलं आणि रडायला लागली.

मागच्या रविवारी ते दोघं असेच चर्चला गेले असताना ती चोरून पागेत गेली होती. घोड्यांचे हाल तिला बघवेनात. गंजीवरून गवत उपसून तिने आत नेलं आणि गव्हाणीत न टाकता जमिनीवरच ठेवलं. दोघींनी खाल्लं. सगळं नाही, पण खाल्लं.

"मग हे मला बुधवारीच का नाही सांगितलंस?"

"काय सांगू?" ती म्हणाली. "माझ्या हातचं खातात, त्यांच्या हातचं खात नाहीत, हे सांगू? त्यांना? पन्नास वर्षं घोड्यांत काढलेल्या माणसाला? ते ऐकूनच मेले असते, वार्वाराबाई. आणि मला वाटलं, योगायोग असेल. दुसऱ्या दिवशी खातील त्यांच्याही हातचं."

मी तिला पुढचं बोलू दिलं नाही. हात धरून गंजीकडे नेलं. तिने उपसलं, तिने उचललं, तिने पागेत आणलं. मी सांगितलं म्हणून घासलेल्या गव्हाणीतलं जुनं सगळं काढून हे त्यात टाकलं.

मंद्रा उठली. पाय थरथरत होते, पण उठली. आणि तिने तोंड खुपसलं ते वर काढलंच नाही. दहा दिवसांत पहिल्यांदा त्या गव्हाणीतून गवत चावण्याचा आवाज आला. सावेता माझ्या खांद्यावर डोकं टेकून उभी राहिली. मला आनंद व्हायला हवा होता. मला फक्त एवढंच दिसत होतं की, पळ्याने घातलेले ओट तो हाताने शिवत नाही, म्हणून ते खातात. बर्फावर सांडलेल्या जुड्यांना त्याचा हात लागला नव्हता. गाईला सावेता घालते. माझ्या घोड्याचं गवत मी आकडीने उपसलं होतं. मंद्राने तोंड फिरवलं ते साखरेवरून नाही, साखरेखालच्या तळव्यावरून. पहिल्या दिवसापासून एकेक करून सगळं माझ्या डोळ्यांसमोर आलं होतं.

विष नव्हतं, शाप नव्हता, तोआदेर नव्हता. तो स्वतःच होता.

पण त्याच्या हाताला होतं तरी काय?

६

गेरासिम चर्चवरून परतला तेव्हा मी पागेच्या दारात, पालथ्या बादलीवर बसले होते. निकिफोरला मी डोळ्यांनीच घरात पिटाळलं. गेरासिमने आतला आवाज ऐकला. दोन्ही घोड्यांचा, एका लयीतला. तो दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला आणि बराच वेळ ऐकत राहिला.

"कोणी घातलं?" त्याने विचारलं.

"सावेताने."

त्याने मान हलवली. त्याला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही.

"हातमोजे काढ, गेरासिमदादा," मी म्हटलं.

तो हलला नाही. मी उठले आणि स्वतः काढले. एक एक बोट ओढून काढावं लागलं. आतले हात मी आधी कधी पाहिले नव्हते, म्हणजे त्या हिवाळ्यात पाहिले नव्हते. सांधे जुन्या झाडाच्या मुळांसारखे गाठाळलेले, बोटं अर्धी मिटलेली आणि तशीच थिजलेली. आणि सगळ्या कातडीवर पिवळट, चकचकीत थर. मी ते हात नाकाजवळ नेले. वर कापराचा वास होता. कापराच्या खाली दुसरा वास होता, जड, जंगली. एकदा मी सापळ्यात अडकलेल्या एका अस्वलाला भूल दिली होती. तो वास विसरता येत नाही.

"अस्वलाची चरबी," मी म्हटलं.

"दहा-बारा दिवसांपूर्वी मिळाली. कोणी दिली ते विचारू नकोस."

मी विचारलं नाही. अस्वल मारणं गुन्हा आहे, आणि चरबी कोणाकडे मिळते हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत असतं. सांधेदुखीवर म्हाताऱ्यांचा तोच उपाय. मी त्याला पुढचं सांगितलं, कारण कोणीतरी ते मोठ्याने म्हणायला हवं होतं. तू रोज पहाटे हातांना ती चोळतोस, त्यावर मोजे चढवतोस, आणि मग गवत छातीशी धरून आणतोस, गव्हाणीत हाताने पसरतोस. मोजे, बाही, कोटाचं कातडं, सगळ्यात ती मुरली आहे. माणसाला गवताच्या वासात ती कळत नाही. घोड्याला कळते. त्यातून आपली डोंगरी घोडी. अस्वलाच्या वासाचं गवत ती उपाशी मरेल पण खाणार नाही.

"ते मलाही समजतं, पोरी," तो म्हणाला. "मी काय काल जन्मलो? दुसऱ्याच दिवशी माझ्या डोक्यात आलं होतं. तिसऱ्या दिवशी लावलीच नाही मी. हात राखेने धुतले. त्या दिवशी मला दोराची गाठ सुटेना. निकिफोर अंगणातून बघत होता. मी दात लावून सोडली. आणि एवढं करूनही त्यांनी खाल्लं नाहीच. मग मी म्हटलं, चरबीचा काही संबंध नाही. दुसऱ्या कोणाचं तरी काम आहे."

"कोट तोच होता ना?"

त्याने खाली पाहिलं, मेंढीच्या कातड्याच्या आपल्या कोटाकडे. मोजे तेच होते, कोट तोच होता. हात धुऊन त्याने तेच चढवले होते. पन्नास वर्षांचा घोडेवाला, एवढी साधी गोष्ट त्याच्या लक्षात आली नव्हती, कारण ती लक्षात यायला नको होती. तोआदेरला दोष देणं सोपं होतं. मला आता चीड आली, सगळ्या आठवड्याची एकदम. मी त्याला म्हटलं की मंगळवारी मनगटाऐवजी हात पुढे केला असतास तर हे तिथल्या तिथे मिटलं असतं. पाच वेळा चढले मी हा डोंगर. मंद्रा काल मेली असती. पोटातलं शिंगरू मेलं असतं. तू एका निरपराध माणसाच्या गंज्या पेटवल्या असत्यास. आणि कशासाठी? दोन हात झाकण्यासाठी.

"हात दिसले असते तर घोड्या गेल्या असत्या," तो म्हणाला. "निकिफोरने एका दिवसात विकल्या असत्या. हातांशिवाय मी कशाला पाहिजे त्यांना? म्हणून लावत होतो. त्यांच्यासाठीच लावत होतो."

तो आत गेला नाही. दारातूनच त्याने मंद्राकडे पाहिलं. ती खात होती, आणि त्याचा वास आला म्हणून तिने एकदा कान मागे केले. तेवढ्यावरून तो दोन पावलं मागे सरला, अंगणात, तिला त्रास होऊ नये म्हणून.

७

कोट आणि मोजे सावेताने जाळले. चरबीची बरणी कुठे गेली ते मी विचारलं नाही. रॉकेलची बरणी मात्र निकिफोरने माझ्यादेखत पुन्हा गाडीघरात नेऊन ठेवली. चाऱ्याचं काम सावेताकडे गेलं. निकिफोरने बापाचे हात पाहिले, दोन्ही हातांत घेऊन पाहिले, आणि ट्रॅक्टरबद्दल त्या दिवशी एक शब्द काढला नाही. पुढे काढेल, काढायलाच हवा; पण मंद्राला शिंगरू होईपर्यंत नाही, असं त्यांचं ठरलं.

एक काम राहिलं होतं, आणि ते दुसऱ्या कोणाला करता येण्यासारखं नव्हतं. दुपारी गेरासिमने निकिफोरचा कोट चढवला. तो त्याला खांद्यात मोठा होत होता. मी खाली निघालेच होते, म्हणून बरोबर चाललो. तोआदेरच्या कुंपणाशी मी मागे थांबले.

फाटकाला लोखंडी कडी होती, थंडीने घट्ट बसलेली. गेरासिमने ती उचलायचा प्रयत्न केला. बोटं वळेनात. त्याने दोन्ही तळव्यांनी ढकलून बघितली, मग मनगटाने. कडी हलली नाही. त्याला आवाज देता आला असता, पण तो देईना, आणि मी पुढे झाले तर तो परत फिरेल हे मला कळत होतं. म्हणून मी तशीच उभी राहिले, दात आवळून.

तोआदेर गोठ्यातून बाहेर आला. आधी त्याने चेहरा पाहिला आणि तोंड उघडलं. मग त्याला कडीशी झटापट करणारे ते उघडे हात दिसले. तो सावकाश चालत फाटकापर्यंत आला आणि आतून कडी काढली.

गेरासिम काहीतरी म्हणायला लागला. तोआदेरने त्याला पुरं करू दिलं नाही.

"आत ये आधी," तो म्हणाला. "फाटक असू दे. मी लावतो."